रिकामी फेरी

जळोचीच्या तात्यांचा माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता, क्रेटवर होता. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायच्या त्यांच्या शेडमधली कुठलीही गाडी पेरूचे आठ क्रेट लादून बांधावरून फिरवल्याशिवाय मालकाच्या हाती जात नसे. पेरू नसले तर क्रेटात विटा भरत. "माल न्हेती का न्हाय, ते बघा. बाकी सगळं पॉलिश हाय," म्हणत ते गाडीमागे उकिडवे बसत आणि चाकं न्याहाळत. समोरून गाडी बघणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारत, "नवरी बघाय आलाय का?"

आमची पेरूची बाग इंदापूरकडे. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि बागेच्या त्या टोकापर्यंत चालत जाणं संपलं. बाग बघितल्याशिवाय त्यांना घास जात नसे. दुचाकीवर तोल सावरेना, म्हणून जाड चाकांची, शेतात चालणारी उघडी चारचाकी, एटीव्ही घ्यायचं ठरलं. तात्यांकडे दोन जुन्या उभ्या होत्या. एकीला मागे सलग अ‍ॅक्सल: दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एक दगडावर चढलं की अख्खा दांडा तिरपा. दुसरीला इंडिपेंडंट सस्पेन्शन: प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं.

तात्यांनी दोन्हींवर आठ-आठ क्रेट चढवले. इंडिपेंडंटवाली मागून खाली बसली आणि वळणावर एका अंगाला कलली. सलग अ‍ॅक्सलवाली शहाण्या बैलासारखी सपाट चालली. मीच चालवली, हादरा म्हणून जाणवला नाही.

आबा हळूच म्हणाले, "तात्या, ती दुसरी जरा मऊ हाय व्हय?"

"आबा, मऊ गादी झोपायला. कामाला सलगच. त्यात मोडायसारखं हायच काय?"

मीही मान डोलावली आणि सलगवाली घरी आली. तोडणी तोंडावर आली होती आणि घाई माझीच होती. आम्ही बागाईतदार माणसं, गाडी म्हटली की आम्हाला आधी माल दिसतो.

एक साधी गोष्ट तिघांच्याही डोक्यात आली नाही. क्रेट फक्त बागेतून रस्त्याकडे जाताना असतात. रस्त्याला ते टेम्पोत चढले की आबा रिकाम्या गाडीवर एकटे बागेत परतत. ओझं पेलायच्या त्या कडक स्प्रिंगा एकट्या म्हाताऱ्याच्या वजनानं दबतच नसत. प्रत्येक ढेकूळ सरळ त्यांच्या कमरेत जाई. आबा बोलले नाहीत. बोललो तर बाग पुन्हा सुटेल, या भीतीनं गप्प राहिले. मला हे फार उशिरा कळलं. त्याचा राग अजून जात नाही, त्यांच्यावरचाही आणि माझ्यावरचाही.

उन्हाळ्यात त्यांचे पाय बधिर झाले आणि आबांनी खाट धरली. डॉक्टर म्हणाले, गाडीमुळेच असं छातीठोक सांगता येत नाही, वयही आहे.

तात्यांना ते पटलं नाही. कळल्याबरोबर ती दुसरी गाडी टेम्पोत घालून ते आमच्याकडे आले. माझ्या देखत त्यांनी पहिल्यांदाच गाडी रिकामी चालवून पाहिली, थेट बागेच्या खालच्या टोकापर्यंत. आधी आमची, मग ती. आमच्या गाडीवरून उतरताना त्यांचा हात कमरेवर होता.

खाटेशी बसून ते म्हणाले, "आबा, मी तुमाला क्रेटात मोजलं."

आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. खालच्या अंगाची झाडं कशी हायती, ते सांगा."

तात्यांनी एकेक ओळ सांगितली. शेवटच्या झाडापर्यंत थांबले नाहीत.

पुढे त्यांनी शेड बंद केलं. आता ते सांगवीला लेकीकडे असतात. मऊ गाडी मी चालवते. आबांना शेवटपर्यंत तिच्यावर एकदाही बसता आलं नाही. तोडणीच्या दिवसांत तात्यांचा फोन येतो. माल किती निघाला, हे ते विचारत नाहीत.

"रिकामी कशी चालती?"

"पोटातलं पाणी हलत न्हाय, तात्या."

 एवढं सांगूनही मला लगेच फोन ठेवता येत नाही.