शेवटची पानं

कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा धूर नाकात गेला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लहानपणी राळेगावच्या घरी चुलीपुढे कादंबरी वाचता वाचता माझ्या हातून भाकर करपली. काकांनी पुस्तक हिसकलं अन् शेवटची पानं फाडून चुलीत घातली. "पोरीच्या जातीले कायले पाह्यजे हे?" मग कापूस वेचताना त्या गोष्टीचा शेवट मीच मनात रचत राहिले, माझं लिहिणं तिथूनच सुरू झालं. आता काकांची नजर गेली आहे. माझी नवी कादंबरी मीच त्यांना रोज वाचून दाखवते. काल ऐन रंगात आल्यावर थांबले. ते कासावीस झाले, "मंग काय झालं वं त्या बाईचं?" मी पुस्तक मिटलं. "शेवटचे पानं चुलीत गेले, काका."