डाव्या-उजव्या पिसांचा साचा

मानपाड्याचा काळुराम तीर करायचा. आता तुम्ही म्हणाल, आगगाडी घाट चढून गेली, तारायंत्र आलं, आणि हा बाबा तीर कसले करत बसला होता? तर ही शके १८०३ची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी बंदुकीचा कायदा झाला आणि गावातली एकुलती एक ठासणीची बंदूक ठाण्याच्या कचेरीत जाऊन बसली. मलंगगडाच्या रानातल्या डुकरांना या कायद्याचा पत्ता नव्हता. आश्विनात भाताची लोंबी भरली की ती शेतात उतरायचीच. मग राखणीला बसणाऱ्यांनी आढ्याला टांगलेली जुनी धनुष्यं खाली काढली, आणि त्यांना लागणारे सगळे तीर काळुरामच्या ओट्यावर तयार होऊ लागले.

काम बापजाद्यांचंच होतं. कळकाची काडी, पुढे लोखंडी पातं आणि मागे गिधाडाची तीन पिसं. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत पात्याची. काळुरामला विचारलंत तर तो सांगे, पातं नुसतं टोचतं, तीर नेतं ते पीस. पिसाच्या कण्याला सरस लावायचा, ते काडीवर सरळ टेकवायचं आणि सरस धरेपर्यंत बोट म्हणून हलवायचं नाही. तीस वर्षं त्याचं बोट हललं नव्हतं. त्या भाद्रपदात त्याला हिवतापाने गाठलं. ताप पंधरा दिवसांनी गेला, पण जाताना उजव्या हातात थरथर ठेवून गेला.

नुसती थरथर असती तर माणूस कुरकुरत जगतो. पण दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला गावदेवीपुढे नव्या तिरांची टोपली ठेवायची, राखणीच्या घरांतल्या एकेकाने न बघता त्यातला तीर उचलायचा आणि तीस पावलांवरच्या केळीच्या खांबावर सोडायचा, अशी गावची रीत. तीर भरकटले तरी कोणी चकार शब्द काढत नसे. पाटील उठायचा, तीर करणाऱ्याच्या ओंजळीत नारळ ठेवायचा आणि त्याची पिसं कापायची सुरी दुसऱ्याच्या हाती द्यायचा. हात उतरला, एवढंच म्हणायचे. काळुरामच्या बापाला असा नारळ मिळाला होता. त्यानंतर तो दोन पावसाळे जगला आणि दोन्ही पावसाळे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिला. एवढा बोलका माणूस, पण पाणी हवं असलं तरी मागेना. काळुरामने ते सगळं पाहिलं होतं.

मग सुरू झाली लपवाछपवी. काळुराम चारचौघांत उजवा हात खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून बसायला लागला. कोणी तंबाखू पुढे केली तर डाव्या हाताने घ्यायचा आणि वर सांगायचा, उजव्याला सरस लागलाय. रोज सकाळ-संध्याकाळ कोणाच्या हाताला सरस लागतो हो? पण माणूस हट्टी, आणि आपल्याला वाटतं ते जगाला पटलं असं धरून चालणारा.

बायजा, त्याची बायको, आठ दिवस हे बघत होती. मग म्हणाली, “हात लपवून कं होनार? मना दिसत नाय कं?”

“गावाला नाय दिसत,” काळुराम म्हणाला.

“गावाला तीर दिसतील ना.”

घट बसले त्या सकाळी बायजाने सुकटीची पुरचुंडी बांधून दिली आणि तो कल्याणला मारुती सुताराकडे निघाला. सोबत आपल्या चार काड्या घेतल्या.

मारुती जुना ओळखीचा. ठाण्याला कोणा साहेबाच्या बंगल्यावर मडमांची तिरंदाजी चालायची, तिथली मोडतोड हाच दुरुस्त करायचा. साहेब विलायतेला परतला तेव्हा पिसं बसवायचा पितळी साचा मारुतीकडेच राहिला. तो बघून मारुतीने सागाचा एक आपल्या मनाने केला होता. दोन्हींची तऱ्हा एकच. काडी आडवी ठेवायची, पीस चिमट्यात धरायचं, कण्याला सरस लावून चिमटा काडीवर टेकवायचा आणि आपण खुशाल बाजूला व्हायचं. एक पीस धरलं की काडी तिसरा हिस्सा फिरवायची आणि दुसरं लावायचं. काळुरामने ते पाहिलं आणि त्याला रडूच यायला लागलं. ज्या कामाला हात स्थिर लागायचा, ते काम हे लाकूड फुकट करत होतं.

पण मन बघा माणसाचं. रडू आवरलं आणि लगेच त्याची नजर पितळी साच्यावर गेली. पितळी नेला तर गावात म्हणता येईल, साहेबाची वस्तू आहे, हौस म्हणून आणली. लाकडी नेला तर कोणीही म्हणेल, म्हाताऱ्याने कुबडी आणली.

“देखणा आहे, नाही म्हणत नाही,” मारुती म्हणाला. “पण तुझी काडी लावून बघ आधी.”

काळुरामने लावली. पहिली काडी बसेचना. दुसरी बसली ती आत सैल खुळखुळत राहिली.

“साहेबाच्या काड्या कातून काढलेल्या, सगळ्या एका जाडीच्या,” मारुती म्हणाला. “तुझ्या कळकाच्या काड्यांना आईबाप वेगवेगळे. म्हणून मी माझ्या साच्याला पाचर ठेवली. जाड काडी असली तर पाचर सैल कर, बारीक असली तर ठोक. आणि एक ध्यानात धर, चिमटा मी मुद्दाम जरासा तिरका बसवलाय. तीर फिरत गेला तर सरळ जातो.”

चारही काड्या सागाच्या साच्यात नीट बसल्या. काळुरामने मान खाली घालून बदल्यात सुकट पुढे केली आणि कुबडी पंच्यात बांधून घरी आणली.

पहिले तीन तीर झाले. पिसं अशी घट्ट आणि रेखीव बसली होती की बायजानेसुद्धा दोनदा हात फिरवला. घरामागच्या पेंढ्याच्या उडव्यावर काळुरामने तीर सोडला. तो निघाला, वाटेत शेपूट हलवली आणि कारल्याच्या मांडवात शिरला. दुसराही तिकडेच गेला. काळुराम खाली बसला. त्याला कळेना, चूक साच्याची की धनुष्य ओढणाऱ्या हाताची. हात तर थरथरतच होता.

“आना इकरं, मी सोरते,” बायजा म्हणाली. तरुणपणी मिठागरावर टोपल्या उचललेली बाई ती. पदर खोचला, धनुष्य ओढलं आणि तिसरा तीर सोडला. तोही कारल्यांत गेला. म्हणजे हाताची चूक नव्हती.

त्या दिवशी काळुराम जेवला नाही. साच्याला शिव्या घातल्या, मारुतीला घातल्या, हिवतापाला घातल्या. बायजा मात्र तीर घेऊन उजेडात बसली आणि पिसं बोटाने चाचपत राहिली.

आता पिसांचं घरातलं शास्त्र सांगायला हवं. गिधाडाचं पीस एकटं घरात आणायचं नाही, ते सोबतीला घरातल्या कोणाला तरी ओढून नेतं, अशी तिथल्या बायकांत धास्ती होती. म्हणून जोडीने आणायचं, एक डाव्या पंखाचं, एक उजव्या, आणि दोऱ्याने बांधून टांगायचं. बायजा सासूच्या हाताखाली हे शिकली आणि तीस वर्षं तिने एक जोडी कधी फोडली नव्हती. काळुराम जोडी सोडून पिसं लावायचा, तेव्हा साहजिकच एका तिरावर दोन्ही पंखांची यायची. जुना अंगठा ते ओळखून प्रत्येक पीस आपसूक सावरून घ्यायचा. सागाच्या चिमट्याला कुठला अंगठा?

“यो बगा,” बायजा म्हणाली. “यी पिसा इकरं वाकतान, ती तिकरं. तुमचा चिमटा एकीकरंच तिरका हाय. दोगी एकमेकीला ओरतान, मंग तीर जाईल कसा?”

काळुरामने तीर हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाला, “जोर्‍या फोराव्या लागतील. आईस कं बोलेल?”

सासू जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी बायजाने आधी तिच्या नावाने हात जोडले. मग तिने दोन मडकी आणली. जोड्या सोडून उजवी पिसं एकात, डावी दुसऱ्यात टाकत गेली. “एकलं पीस ठेवू नये बोलली व्हती,” ती म्हणाली. “हितं एकलं कनचा? चालीस-चालीस पिसा एके मडक्यान हान. एवऱ्यांना सोबत नाय तं कोनाला?”

नुसत्या उजव्या पिसांचा तीर झाला. सरस वाळला आणि बायजानेच सोडला. तीर सरळ गेला आणि उडव्यात पिसांपर्यंत रुतला. काळुराम त्याच्याकडे बघत हसायला लागला आणि हसता हसता पंच्याने डोळे पुसायला लागला. मग दोघं जेवायला बसली आणि त्याने तीन वेळा भात मागून घेतला.

डाव्या पिसांसाठी काळुरामने चिमटा दुसऱ्या बाजूला तिरका करून घेतला आणि दसऱ्याला गावदेवीपुढे टोपली भरून ठेवली. काळुराम पंच्यात हात घालून एका कडेला बसला. पाटील आनंदा, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, समोर बसला होता आणि त्याच्या मांडीवर नारळ होता. गावाला सगळं आधीच ठाऊक होतं. सरसाची थाप कोणाला पटली नव्हती.

पहिला तीर केळीच्या खांबात लागला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा, चौथा. अकरावा लागला तेव्हा खांबच मोडून पडला आणि टोपलीत दहा तीर उरले.

आनंदा उठला. नारळ घेऊन तो काळुरामकडे आला, आणि त्याच्यासमोरच्या दगडावर त्याने तो फोडला.

“काका, नऊ दिस यो नारल घरान परला व्हता,” तो म्हणाला. “मना जेवन जात नव्हता. तुमच्या हातान कसा ठेवायचा, याच विचारान व्हतो.” त्याने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला.

काळुरामचा डावा हात सवयीने पुढे झाला. मग तो थांबला. प्रसाद कोणी डाव्या हाताने घेत नाही. त्याने पंचा सोडला आणि उजवा हात बाहेर काढला. तो सगळ्यांसमोर थरथरत होता. आनंदाने खालून आपला हात लावला आणि खोबरं त्याच्या तळव्यावर ठेवलं. काळुरामने ते तिथेच बसून सावकाश खाल्लं.