दादाभाऊची चिठ्ठी

बेल्ह्यात माझं कासरे, वेसणी आणि घुंगुरमाळांचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून दादाभाऊचं कॉम्प्युटरचं. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, तो विचारतो, "सुवालालशेठ, गाण्याचा आवाज कमी करू का?" मी हो म्हणतो आणि तो करत नाही. ट्रॅक्टरवर वाजवायला लोक त्याच्याकडून पेनड्राइव्ह भरून नेतात. निमगाव सावाचा माणूस, पन्नाशीचा, घोगऱ्या आवाजाचा, आणि कामात इतका चिकट की बघणाऱ्याचं डोकं फिरावं.

पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर त्याला आपल्या मनाने नाव देतो. आधी सापडला तो एसडीबी, नंतरचा एसडीसी. दादाभाऊ आधी नावांची यादी बघणार, मग पेनड्राइव्ह लावणार, मग परत यादी बघणार. नवीन दिसलेलं नाव चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवणार. नाव चुकलं तर भलताच पेनड्राइव्ह पुसला जातो. "झालं का बारसं?" म्हणून मी त्याला चिडवायचो. पण तोवर पंधरा वर्षांत त्याचा एकही चुकला नव्हता, हे मला मान्य करावं लागतं.

गेल्या चैत्रात आणे गावचा सयाजी आला. सोबत त्याची चार वर्षांची श्रेया. तिची आई वृषाली बाळंतपणातच गेली. तिच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ तेवढा एका पेनड्राइव्हवर उरला होता. ज्या फोनवर काढला तो विहिरीत पडला, आणि वृषालीने व्हिडिओ कुणाला पाठवूही दिला नव्हता. दादाभाऊनेच निरोप धाडला होता, त्याच कंपनीचा तसाच दुसरा घेऊन ये, एक नक्कल करून ठेवू.

त्याने आधी व्हिडिओ लावला. मीही गल्ला सोडून दारात उभा राहिलो. हिरवी साडी नेसलेली पोर तोंडावर हात घेऊन म्हणत होती, "नका ना काढू, राव. मी लई जाड दिसते." श्रेयाने आईचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"परत लावा," ती म्हणाली.

"आधी नक्कल करू," दादाभाऊ म्हणाला. "मग बघ तुला पायजे तेवढा."

बाजारात खोटे पेनड्राइव्ह फार येतात. म्हणून नवा आला की दादाभाऊ तो आधी काठोकाठ शून्यांनी भरून तपासतो. तसं भरलं की आतलं कुणाच्या बापाला परत काढता येत नाही. त्याने नवा लावला, यादी बघितली, चिठ्ठीवर लिहिलं, एसडीसी. तेवढ्यात लाइट गेली.

दहा मिनिटांनी आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, दोन्ही पेनड्राइव्ह लावलेलेच होते. या वेळी त्याला नवा आधी सापडला आणि जुना नंतर, म्हणजे एसडीसी हे नाव आता जुन्याला गेलं. दादाभाऊने यादी बघितली नाही. चिठ्ठी बघितली.

अर्धा तास श्रेया बाकावर पाय हलवत शेव खात होती. काम संपल्यावर त्याने एक उघडला, रिकामा. दुसरा उघडला, तोही रिकामा. त्याने चिठ्ठी काढली आणि मुठीत धरून बसला.

"सयाजी, माझ्या हातून गेलं," तो म्हणाला. "काय बी उरलं न्हाई."

मला वाटलं, सयाजी हात उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं. त्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला.

पुढच्या सोमवारी सयाजीची आई साळुबाई नातीला घेऊन आली. मी भांडण सोडवायच्या तयारीने उठलो.

"भाऊ, मला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "सयाजी त्यावर बोलतच न्हाई. पोरगी रोज विचारती, आई काय म्हणत व्हती. तुमी ऐकलंय, तुमीच सांगा."

दादाभाऊने मान खाली घालून ते शब्द म्हटले. "नका ना काढू, राव. मी लई जाड दिसते."

"असा नव्हता आवाज," श्रेया म्हणाली.

तेव्हापासून साळुबाई बाजाराला आली की पोरीला त्याच्याकडे बसवते. दादाभाऊ ते शब्द म्हणतो, कधी हळू, कधी बारीक आवाज काढून, आणि श्रेया नाही म्हणून मान हलवते. एरवी मी हसलो असतो. माझ्याने तिकडे बघवत नाही.

परवाच्या सोमवारी तो थकला होता. आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात त्याने ते म्हणून टाकलं. या वेळी श्रेयाने मान हलवली नाही.

"असाच व्हता आईचा आवाज," ती म्हणाली.

बाजार ऐन भरात असताना दादाभाऊने शटर खाली ओढलं.