कवीच्या बापाची होडी

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात ब्रॉडबँड आलं ते दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक संगणक ठेवला गेला आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण. धुळीपेक्षा आम्हा प्राध्यापकांपासून जपण्यासाठीच ते असावं. मी तेव्हा अठरा वर्षं इंग्रजी शिकवत होते. तिसऱ्या वर्षाचा मध्ययुगीन कवितेचा पेपर माझ्याकडे होता. त्यात एक इंग्रज कवी होता, ज्याच्याबद्दल कुणालाच फारसं काही ठाऊक नाही. एक लांबलचक कविता मागे ठेवून तो गेला, एवढंच.

इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कुणीही वाचावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा, त्यात मला एका दुपारी या कवीची नोंद सापडली. जेमतेम पाच ओळी आणि वडिलांचा उल्लेखच नाही. कवीचे वडील होड्या बांधायचे, हे मला पाठ होतं. आमच्या सरांनी आम्हाला ते लिहून दिलं होतं आणि मी माझ्या प्रत्येक वर्गाला लिहून देत आले होते. आमच्याकडे तासाची शेवटची पंधरा मिनिटं नोट्सची. शिक्षक सावकाश सांगणार, मुलं उतरवून घेणार आणि वहीत जे आलं ते खरं.

मी ते वाक्य नोंदीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगूनही टाकलं.

"मॅडम, म्हणजे आता लंडनमध्येपण वाचणार?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"वाचू देत. त्यांना माहीत नव्हतं."

तास संपवून पाहायला गेले तर वाक्य गायब. इंग्लंडमधल्या कुणा संपादकाने काढलं होतं आणि शेजारी एकच शब्द लिहिला होता: आधार?

मला राग आला. मी वाक्य पुन्हा टाइप केलं, तर भारनियमनाची वेळ झाली आणि सगळं गेलं. वीज आल्यावर परत टाइप केलं आणि या वेळी आधारही दिला. विद्यार्थ्यांसाठीचं एक गाईड होतं, छापील, त्यात हे वाक्य जसंच्या तसं होतं. दोन दिवस वाक्य टिकलं. तिसऱ्या दिवशी त्या संपादकाने नोंदीला जोडलेल्या चर्चेच्या पानावर अगदी नम्रपणे विचारलं, "या पुस्तकाच्या लेखिकेला ही माहिती कुठे मिळाली, ते कळू शकेल का?"

कळू शकेल की. लेखिका माझी वर्गमैत्रीण होती, चिपळूणला क्लास चालवायची. मी फोन लावला.

"काय गो, कुठून म्हणजे काय?" ती म्हणाली. "तुझ्याच वहीतून! माझी वही पुरात गेली, तू नाही का तुझी दिलीस? अजून परत केलेली नाही, आठवण करून देऊ नको."

म्हणजे मी माझ्याच वहीचा आधार माझ्याच वाक्याला दिला होता. आता मात्र मी सावरून बसले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि कवीच्या चरित्रावर टीप हमखास येते. वाक्य चुकीचं असेल तर माझ्या भरवशावर अख्खा वर्ग चूक लिहिणार होता. आणि आधीचे सतरा वर्ग लिहून मोकळे झाले होते.

रविवारी मी हातखंब्यावरून जाणारी एसटी धरून संगमेश्वरला सरांकडे गेले. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्या शेजारी पावटे सोलत होत्या. मी आडवळणं घेतली नाहीत.

"सर, त्या कवीचे वडील होड्या बांधायचे, हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही."

"मग?"

"सुचलं," सर म्हणाले.

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, सुचलं काय? ही पोर इतकी वर्षं तेच शिकवत्येय ना!"

"नीट ऐकून घ्या गो दोघी. त्या कवितेत होडी बांधण्याच्या चाळीसेक ओळी आहेत की नाही? आधी तळाचं लाकूड, मग फळ्या, मग फटींत लोकर ठोकायची आणि शेवटी डांबर. लहानपणी आमच्या घरासमोर खाडीवर होड्या बांधायचे. मी रोज बघायचो. लोकरीच्या जागी कापूस, बाकी क्रम तोच. टेबलाशी बसून एवढं लिहिता येत नाही. म्हणून वर्गात सांगितलं, कवीचे वडील होड्या बांधत असावेत असा माझा अंदाज आहे."

"आमच्या वहीत अंदाज नाही, सर."

"पहिली दोन वर्षं होता. पण पंधरा मिनिटांत नोट्स आटपायच्या म्हणजे काहीतरी गाळावं लागतं. अंदाज गाळला."

"मी अठरा वर्षं हे सांगत्येय."

"मी एकतीस."

"शर्यत लावा आता," बाई म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या.

सरांनी बाईंची राहिलेली शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, "पोरांना आधी सांग. ज्ञानकोश काय, थांबेल. पण त्या ओळी फेकू नको. त्या खऱ्या आहेत."

मला ते पटलं. सोमवारी पहिल्या तासाला मी सगळ्यांना वह्या उघडायला लावल्या आणि ते वाक्य काट मारून खोडायला लावलं. का, तेही सांगितलं.

"मॅडम, मग आधीच्या बॅचचं काय?"

"त्यांना मार्क मिळून गेले. तुम्ही खोडा."

"आणि सरांनी असं का केलं?"

"घाईत. तुम्ही पेपरात करता तसंच."

मग ग्रंथालयात जाऊन मी ते वाक्य स्वतःच्या हाताने काढलं. चर्चेच्या पानावर लिहिलं की हा आमच्या शिक्षकांचा अंदाज होता, तो माझ्या वहीतून गाईडात गेला आणि तिथून मी तो इथे आणला. त्याखाली नवीन वाक्य सुचवलं: होडी बांधण्याची कामं या कवितेत प्रत्यक्ष ज्या क्रमाने करतात त्याच क्रमाने येतात. पुढे ओळींचे आकडे दिले. त्यासाठी वडील कोण होते हे माहीत असायची गरज नव्हती, कविता उघडली की पुरे.

दुसऱ्या दिवशी वाक्य नोंदीत होतं. संपादकाने फक्त एक आकडा बदलला होता, मी एक ओळ चुकले होते. खाली त्याने लिहिलं होतं की ही कविता तो कित्येक वर्षं वाचतोय, पण हा क्रम त्याच्या कधी ध्यानात आला नव्हता. ते पान छापून मी सरांना टपालाने पाठवलं. त्यांनी फोनवर सांगितलं की बाईंनी ते शेजारच्या दोन घरांत फिरवून आणलं, इंग्रजी कुणालाच येत नसताना.

परीक्षा झाली. एवढं सांगूनही तिघांनी कवीच्या बापाला होड्या बांधायला लावलंच. मी तिघांचेही मार्क कापले आणि चिपळूणला फोन करून माझी वही परत मागितली.