खलीलभाईंनी लिहिलेलं शेवटचं माप

त्या शुक्रवारी सकाळी मी भिंगारच्या बाजारात पोचलो, तेव्हा खलीलभाईंच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं. मी पोचायच्या आधीच शटर उचलता उचलता ते खाली बसले होते, ते पुन्हा उठलेच नव्हते. "दवाखान्यात नेलं, गुरुजी, पन काय उपयोग झाला न्हाई," शेजारचा चहावाला म्हणाला. पायरीवर त्यांच्या मोबाईलचे तुकडे पडले होते. ते मी रुमालात गोळा करत बसलो... दुसरं काय करावं ते सुचेना.

मी शाळामास्तर, ते टेलर. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसायचो, आणि निवृत्तीनंतर तर तेच माझं ऑफिस झालं होतं. फौजी गणवेश शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अक्षर मात्र असं, की उद्या त्यांचं त्यांनाच लागू नये. म्हणून ते टेप लावत आणि मी वहीत लिहीत असे. शर्टाची आठ मापं, पँटची सात, क्रम ठरलेला. आकडा सांगताना ते माझ्या कानाशी येत आणि आवाज इतका खाली नेत, की बाकावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला काही कळू नये. एकदा एका साहेबाची कंबर वर्षात केवढी सुटली, हे मी चहावाल्याला हसत हसत सांगून बसलो. खलीलभाई आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "माप म्हंजी मानसाची अमानत हाय, गुरुजी. ती आपली न्हाई." मी खजील झालो. एवढ्या वर्षांत वर्गात कित्येकांना उपदेश केले, पण मला कुणी असा धडा दिला नव्हता.

शमीमभाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घर दुकानामागच्याच गल्लीत, तरी भाभी हाक न मारता मोबाईलवर गप्पांच्या ॲपमधून आवाजी निरोप पाठवत. पीठ संपलंय, पाहुणे आलेत, जेवायला चला... त्या गेल्यानंतर खलीलभाई रोज दुपारी मशीन थांबवून, मोबाईल कानाला लावून त्यातला एखादा निरोप ऐकत. त्या वेळी मी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचो.

हे आवाज जपायचे कसे, ही त्यांना चिंता लागली. एका जवान गिऱ्हाइकानं त्यांना त्या ॲपमधला बॅकअप चालू करून दिला. सगळ्या गप्पांची आणि आवाजांची एक प्रत मोबाईलमधल्या छोट्या कार्डात जाणार, पण कुलूपबंद. कुलपाची किल्ली म्हणजे तीस आकडे. ते हरवले तर ॲप बनवणाऱ्यांनाही ती प्रत उघडता येणार नाही. "बनवनाऱ्यालाबी न्हाई?" खलीलभाईंनी दोनदा विचारलं, आणि काय खूष झाले म्हणून सांगू! मी सवयीनं वही ओढली, पेन उघडलं. तर म्हणाले, "गुरुजी, जरा दोन च्या सांगून या." मी परत आलो तेव्हा मोबाईल खिशात गेलेला होता. चहा मला कडू लागला. साहेबाच्या कंबरेची ती गोष्ट अजून यांच्या मनात आहे, हे मी ओळखलं. तसं कधी बोललो नाही, पण लागलं ते लागलंच.

मोबाईल फुटला, तरी कार्ड शाबूत निघालं. त्यांची मुलगी रुबीना मिरजगावला दिलेली. तिनं ते नव्या मोबाईलमध्ये घातलं आणि समोर तीस आकड्यांचा प्रश्न उभा राहिला. आईचा आवाज आता तेवढ्यातच उरलेला. भाभींचा मोबाईल तर कधीच गेला होता. तिनं घरातला कागद अन् कागद पाहिला. मोबाईल दुरुस्तीवाल्यानं हात जोडले. "काका, तुमाला तर सांगितलं आसंल ना अब्बांनी?" तिनं विचारलं. नाही म्हणताना मला लाज वाटली आणि खलीलभाईंचा रागही आला. खरंच आला.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर रुबीनानं दुकान आवरलं आणि मापांची वही माझ्याकडे दिली. "अब्बा म्हनायचे, वही गुरुजींची हाय." चार-पाच दिवस मी ती उघडली नाही. मग एका दुपारी चाळत बसलो. सगळीकडे माझंच अक्षर. फक्त शेवटच्या पानावर त्यांचं, पण एकेक आकडा जपून, ठसठशीत काढलेला. वर माझं नाव. खाली एक शर्ट, एक पँट.

मी चक्रावलो. माझं माप वहीत कधीच नव्हतं. ते त्यांना तोंडपाठ होतं. आणि हे माप तरी कसलं! छाती माझ्या मनगटाएवढी, गळा असा, की त्यात मी दोनदा मावेन. शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं की काय, असं वाटून हसूच आलं. मग दिसलं, की एका मापाच्या आधी शून्य काढलंय. टेलर कधी असं शून्य काढत नाही. आठ आणि सात पंधरा. प्रत्येकी दोन आकडे...

म्हणजे तीस! हीच ती किल्ली. बाजारात उघड्यावर पडलेली वही, पण ते पान खोटं आहे हे ओळखू शकेल असा माणूस दुनियेत एकच होता. आणि मी समजत होतो, यांचा माझ्यावर भरवसा नाही!

तसाच एसटीनं मिरजगावला गेलो. रुबीना मोबाईल घेऊन बसली. मी तिच्या कानाशी वाकलो आणि घरात दुसरं कुणी नसतानाही आवाज खाली नेला. लांबी, शोल्डर, छाती, कंबर... त्यांच्याच क्रमानं तीस आकडे सांगितले. थोडा वेळ गेला आणि भाभी बोलल्या, "अजी, खाना ठंडा होरा. गुरुजी बैठे हैं तो उनकू बी लेके आओ." रुबीना रडत होती. मीही रडलो.

वही आता माझ्या टेबलावर असते. परवा चहावाल्यानं विचारलं, "काय आकडे हुते वो गुरुजी?"

मी म्हणालो, "जरा दोन चहा टाक."