पाठीमागून

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. दोष माझा होता.

शहागंजमधल्या दुकानातून एक तरुण कारागीर माझ्या जुन्या स्टिरिओला सबवूफर, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा डबा, जोडायला आला होता. त्याला फार कमी ऐकू यायचं. "काका, तोंड माझ्याकडं करून बोला," म्हणाला. वायरी जोडून त्यानं गाणं लावलं, अनवाणी खोलीभर फिरला आणि एका कोपऱ्यात थांबला. "डब्बा इथंच ठेवा. इथं तळव्याला लई गोड लागतंय."

आठवड्यानं मी तो डबा हलवला आणि नकळत लाल-काळी वायर उलटी जोडली. घुमारा गेला. मी तावातावानं दुकानात तक्रार केली. मालक त्याच्यासमोरच म्हणाला, "बहिऱ्याला आवाजाचं काम दिलं, माझंच चुकलं." गिऱ्हाइकं हसली. वायर तपासायचीही तसदी न घेता त्याला कामावरून काढलं. त्या माणसांची मला आजही चीड येते. पण घरी उलटी वायर दिसल्यावरही मी गप्प बसलो, त्याची जास्त येते.

पुढं एकदा तो फुलंब्रीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढंच उभा होता. मी "माफ कर" म्हणालो, त्याच्या पाठीमागून.