लूथरची शेवटची हाक

टॅनर्स हॉलोच्या बंबखान्यात एक रीत होती. गावातला बंबवाला गेला की पुरुष गणवेश चढवून दफनभूमीत जायचे आणि बायकांचं मंडळ मागं स्वयंपाकघरात राहायचं. मातीनंतर अख्खं गाव जेवायला येणार, तर बटाटे कोण सोलणार? तिकडं थडग्यापाशी वायरलेसवरून मेलेल्याला त्याच्या नंबरानं हाक मारतात. उत्तर येत नाही. पुन्हा मारतात. मग त्याची पाळी संपली असं जाहीर करतात. ही शेवटची हाक. पुरुषांच्या वाट्याला ती, बायकांच्या वाट्याला सालपटं.

व्हर्ना कोपॅक तेव्हा नवी नवरी होती, जीभ मात्र पहिल्यापासून मुरलेली. भर बैठकीत उठून तिनं सुनावलं, की तुमच्या आगीपायी आमची ताटं गार होतात, आणि निरोप द्यायची वेळ आली की आम्ही मोरीपाशी. हा कुठला न्याय? सगळे छताकडं बघायला लागले. दलाचा प्रमुख लूथर हुडॅक पाइप चावत ऐकत राहिला. पुढच्याच आठवड्यात तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, मोरीवर एक फळी ठोकली आणि वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा स्वतःच्या घरचा स्कॅनर तिच्यावर ठेवला.

"आवाजाचं बटण डावीकडं," तो म्हणाला. "आता भांडायला दुसरं काहीतरी शोध."

काय दिवस होते ते. हॉलोतल्या घराघरात तसला तपकिरी डबा असायचा, त्यावर तांबडे दिवे एकामागून एक पळायचे. कुठल्या गावाचा बंब निघाला ते पत्त्याआधी वाजणाऱ्या त्या गावाच्या सुरावरूनच कळायचं. आपल्या गावाचा सूर वाजला की पत्ता पुरा सांगून व्हायच्या आत व्हर्ना चुलीचं बटण बंद करायची, कारण नवरा एमिल तोवर एका बुटात पाय घालून दारात पोचलेला असायचा. मग ती कॉफीचं मोठं भांडं भरायला बंबखान्यात. एमिल गेला, तेव्हा बायको म्हणून ती थडग्यापाशी होती. पण मंडळातल्या बायकांनी त्याची हाक त्या फळीवरूनच ऐकली. त्यांच्यातली पॉलीन सांगते, कोबीची पानं हातातच राहिली होती आमच्या.

पुढं कौंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यानं, वायरलेस डिजिटल केलं आणि डबे मुके झाले. दिवे मात्र पळत राहिले, मालक गेल्यावरही फाटकाशी बसून राहणाऱ्या कुत्र्यासारखे. पोलिसांचं बोलणं तर साफ कुलपात गेलं, बाहेरच्या कुणाला ऐकूच येईना. बंबवाल्यांचंही जाणार होतं, पण व्हर्ना कौंटीच्या सभेत जाऊन ठाकली. पैसा आमच्या करातला, आगी आमच्या घरांच्या, आणि कान तेवढे आमचे नकोत? ते बोलणं उघडं राहिलं. पण ते ऐकायला डिजिटल स्कॅनर हवा, आणि तो घ्यायचं आज-उद्या करता करता राहून गेलं.

आणि लूथर वारला.

शनिवारी दफन. ज्यानं ती फळी ठोकली, त्याचीच हाक त्या फळीवर येऊ नये? व्हर्ना तडक एल्विनच्या दुकानात गेली. एल्विन तिच्याबरोबर शाळेत होता, रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं हातात मावणारे दोन स्कॅनर काढून ठेवले. एकाला मोबाइलसारखा सगळा पडदाच पडदा, दुसऱ्याला छान गोल बटणं आणि खणखणीत आवाज.

"पडद्यावाला घे," तो म्हणाला. "बंबखान्याच्या दोन्ही बाजूंना वायरलेसचे मनोरे आहेत, दोन्ही एकच बोलणं एकाच वेळी फेकतात. बटणवाल्याला दोन्ही सारखेच ऐकू आले की त्याचं डोकं फिरतं."

"पिठाच्या हातांनी पडदा चोळत बसू का मी?"

तिनं बटणवाला तिथंच लावून बघितला. वायरलेसवरून हाका देणारी कौंटीची बाई स्वच्छ बोलत होती. दुकान टेकडीच्या आडोशाला, तिथं एकच मनोरा पोचतो, असं एल्विन सांगत राहिला. व्हर्नानं तोवर पिशवी उचलली होती. तिला शहाणपण शिकवलेलं तिच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

शनिवारी ओव्हनमध्ये हॅम, मोठ्या परातीत कोबी-नूडल. व्हर्नानं स्कॅनर फळीवर ठेवून बटण फिरवलं. आत कुणीतरी खडे चावत असल्यासारखा आवाज आला. शब्द म्हणून एक नाही. खिडकीत नेला, दारात नेला, तेच. दुकान बंद, एल्विन अंत्ययात्रेत. दफनभूमीकडची घंटा वाजायला लागली.

"बटणं मात्र गोंडस आहेत हो," पॉलीन म्हणाली.

व्हर्नाचं डोकं सणकलं. पुसून आडव्या ठेवलेल्या, सूप शिजवायच्या मोठ्या स्टीलच्या हंड्यात तिनं तो स्कॅनर आदळला. हंड्यातून कौंटीची बाई लख्ख बोलली, रस्ता मोकळा ठेवा म्हणून.

व्हर्नाला एल्विनचे दोन मनोरे आठवले. हंड्याचं बूड एकाकडं, तोंड दुसऱ्याकडं. स्टीलनं एकाला अडवलं होतं. तिनं हंडा थोडा वळवला, खडे परत आले. मागं आणला, आवाज स्वच्छ. "कुणी हात लावू नका," ती म्हणाली आणि दोन्ही बाजूंना पिठाच्या पिशव्या टेकवून दिल्या. बायका हातातल्या सुऱ्या ठेवून हंड्याभोवती वाकल्या.

"कौंटीकडून प्रमुख एकेचाळीसला."

हॅमची चरबी तेवढी तडतडत होती.

"कौंटीकडून प्रमुख एकेचाळीसला, लूथर हुडॅक यांना."

पाइप चावत कुणी उत्तर दिलं नाही.

"प्रमुख एकेचाळीसकडून उत्तर नाही. लूथर हुडॅक यांची पाळी संपली. प्रमुख, पुढचं आम्ही बघतो."

पॉलीननं एप्रनमध्ये तोंड लपवलं. व्हर्नानं हात आत घालून आवाजाचं बटण बंद केलं. ते डावीकडंच होतं. मग म्हणाली, "चला, कॉफी चढवा. माणसं निघाली असतील."

एल्विन जेवायला आला, पाणी प्यायला म्हणून आत डोकावला, हंड्यात बघितलं.

"पडद्यावाला आणून देऊ?"

"आमचं काम झालंय," व्हर्ना म्हणाली. "जा, ताटात हॅम वाढून घे आणि गप जेव."

तो स्कॅनर अजून बंबखान्यात आहे. फळीवर लूथरचा मुका डबा तसाच आहे, आणि खाली आडव्या हंड्यात हा. मंडळाला सुपासाठी दुसरा हंडा घ्यावा लागला.